हजार लिटरचं खूळ

नागपूरच्या कोराडी रोडवर काचा आणि सोलर पॅनल धुण्याचा धंदा काढायचा म्हटलं की माणूस पहिला प्रश्न विचारतो तो टाकीचा. पंप कोणता घ्यावा, ब्रश कसला, पाण्याचा टीडीएस किती चालतो, मे महिन्यात काम किती वाजता आटपावं, यातलं काही तो विचारत नाही. "भाऊ, टाकी कितीची टाकू?" एवढंच. आणि उत्तर त्याने घरूनच आणलेलं असतं: हजार लिटर. छोटा हत्ती अजून शोरूममध्ये उभा असतो, कर्जाची फाइल साहेबाच्या टेबलावर पडून असते, पण हजार लिटरची काळी टाकी त्याच्या डोक्यात काठोकाठ भरून तयार असते. पाचशे म्हटलं की चेहरा पडतो. जणू मी त्याच्या होणाऱ्या बायकोत खोट काढली.

मानकापूरपासून महादुल्यापर्यंत मी हाच धंदा करतो, त्यामुळे मला गोड बोलायची गरज नाही. छोट्या हत्तीवर हजार लिटर पाणी लादणारा माणूस एक तर वजन-मापं न शिकताच शाळेतून सुटला, नाहीतर आपल्याला कधी ब्रेक लावावाच लागणार नाही अशी त्याची कोराडीच्या जगदंबेवर श्रद्धा आहे. देवीवर माझीही श्रद्धा आहे. ब्रेक ऑइल मात्र मी स्वतः बघतो.

हिशेब पोरखेळ आहे, आणि तोच कोणी करत नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. हजार लिटर म्हणजे एक टन. टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, 2005 साली बाजारात आला तेव्हापासून त्याच्या नेहमीच्या मॉडेलची माल वाहायची ताकद पाऊण टनाच्या आसपास आहे. धरा 750 किलो. आता त्यातून वजा करत चला. ड्रायव्हर आणि पोट्टा मिळून 130 किलो. अँगलची फ्रेम, पंप, बॅटरी, पाइपाची रीळ, शिडी, ब्रशचे पोल, बादल्या हे सगळं मिळून 120 किलोच्या खाली येत नाही. रिकाम्या टाकीचेच पंधरा-वीस किलो. उरले 480. म्हणजे पाचशेची टाकीसुद्धा गळ्यापर्यंत भरायची नाही, चार बोटं खाली ठेवायची, तेव्हा गाडी कायद्यात आणि स्प्रिंगांच्या आवाक्यात राहते. हजार लिटर भरलं तर अर्ध्या टनाहून जास्त माल जादा. गाडी घेताना आरसी बुकातलं नाव सगळे तीनदा तपासतात, स्पेलिंगसाठी भांडतात. त्याच कागदावर रिकाम्या गाडीचं आणि भरलेल्या गाडीचं वजन छापलेलं असतं. ते दोन आकडे एकातून एक वजा करायचे. एवढंच आहे टाकी निवडण्याचं शास्त्र, आणि ते दुकानदाराला विचारायचं नसतं.

दुकानदाराला विचारलं तर तो मोठी टाकीच दाखवणार. त्यात त्याचा काय दोष? त्याच्या टाक्या छतावर बसायला बनलेल्या असतात. घराचं छत महादुला टी-पॉइंटला वळत नाही. त्याला टाकी उभी, उंच आणि गोल असली तरी फरक पडत नाही. गाडीवर तीच उभी टाकी म्हणजे अर्धा टन वजन छातीच्या उंचीवर नेऊन ठेवणं. गाडीला पाहिजे ती बसकी, आडवी, रुंद टाकी, चाकांच्या दोन आसांच्या मध्ये, केबिनला चिकटून. ती दुकानात समोर मांडलेली नसते, मागवावी लागते, थोडी महाग पडते. म्हणून आपण छतावरचीच उचलून आणतो आणि मग फ्रेम मारणाऱ्याकडे जातो.

फ्रेम मारणाऱ्यांशी माझे संवाद ठरलेले असतात.

"असी फ्रेम मारून देतो भाऊ, हत्ती नाचला तरी हालनार नाही."

"फ्रेम नाही हालणार रे बाबा. गाडीचं काय?"

"गाडीले काय होते? लोकं तं दीड-दीड टन टाकून राहिले."

लोकं टाकून राहिले! या देशात भार मोजायचं हे एकमेव प्रमाण सगळ्यांना पाठ आहे. पुलाला कठडा कायले नाही, लोकं जाऊन तर राहिले. वायर उघडी कायले, लोकं वापरून तर राहिले. हे 'लोकं' कोण, त्यातले किती जण शेवटी मेयोत नाहीतर मेडिकलात भरती झाले, याची नोंद फ्रेम मारणाऱ्याकडे नसते. मोटार वाहन कायद्याकडे मात्र दराचा तक्ता आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 194 प्रमाणे जादा मालाला 20,000 रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनामागे 2,000, आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे सोडायची नाही. जगात रस्त्याच्या कडेला उतरवायला सगळ्यात सोपा माल आपलाच आहे: कॉक उघडला की झालं. सकाळी आरओ चालवून जमवलेलं पाणी छिंदवाडा रोडच्या धुळीत सोडून द्यायचं आणि कोरड्या गाडीने गिऱ्हाइकाच्या दारात उभं राहायचं. शिवाय ती फ्रेम चेसिसला कायमची वेल्ड केली असेल तर कलम 52 खाली तो गाडीतला बदल ठरू शकतो, आणि अपघातानंतर विमा कंपनीचा माणूस काय वाचतो तर नेमकं हेच वाचतो.

दंड मी मुद्दाम आधी सांगितला, कारण लोकांना जिवापेक्षा दंड लवकर कळतो. आता जिवाचं ऐका. गाडी ताशी 50 किलोमीटरने चाललीय आणि समोरच्या हायवा ट्रकवर आदळून एका मीटरच्या आत थांबली, असं धरा. त्या क्षणी गाडीतली प्रत्येक वस्तू आपल्या वजनाच्या जवळजवळ दहापट जोराने पुढे रेटते. पाचशे लिटरची टाकी सरासरी पाच टनांच्या जोराने केबिनकडे येते. हजारची असेल तर दहा टन. तुमच्या पाठीमागे एक पातळ पत्रा, त्याच्यामागे दहा टनांचा रेटा, आणि तो अडवायला काय? नायलॉनची दोरी, गाठ मारलेली, वरून पोट्ट्याने "पक्की आहे" म्हणून थाप मारलेली. पाचशेची टाकी बांधायची तरी चारही बाजूंनी लोखंडी चौकट लागते, वरून आडवा पट्टा लागतो, आणि ते सगळं चेसिसच्या मजबूत जागी बोल्टाने धरलेलं लागतं, हौद्याच्या पत्र्याला नव्हे. पाणी मऊ असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा पोहायच्या तलावात पोटावर पडून बघावं.

इथे हुशार माणूस पुढे येतो. प्रत्येक चौकात एक असतो. तो म्हणतो, "टाकी हजारचीच घेतो भाऊ, पण भरतो अर्धी. वजनही बसलं, आणि पुढेमागे लागली तर जागा राहिली." हे ऐकून समोरचे माना डोलावतात. मला मात्र घाम फुटतो, कारण याहून वाईट टाकी नाही. काठोकाठ भरलेली टाकी म्हणजे एक ठोकळा असतो, जागचा हलत नाही. अर्धी भरलेली टाकी म्हणजे पाचशे किलोचा मोकळा जीव. ब्रेक मारला की आधी गाडी दबते, मग पाणी पुढच्या भिंतीवर जाऊन आदळतं, आणि गाडी थांबली असं वाटत असतानाच पुन्हा एक धक्का देतं. वळणावर ते बाहेरच्या बाजूला जातं, म्हणजे जी बाजू आधीच दबलेली आहे तिलाच आणखी दाबतं. तेवढ्यात तुम्ही स्टिअरिंग उलटं फिरवलं तर पाणी उशिरा परततं, आणि उशिरा परतलेलं पाणी गाडीला नव्या वळणाच्या बाहेरच्या बाजूला ढकलतं. मोठ्या टँकरांच्या पोटात भोकं पाडलेले आडवे पत्रे असतात ते यासाठीच: पाण्याने एकदम धावू नये, भोकांतून अडखळत जावं. छतावरच्या टाकीत असले पत्रे कोण घालेल? छताला काय फरक पडतो? आणि लक्षात घ्या, भरून निघालेली टाकीही काम करता करता अर्धी होतेच. म्हणून लहान टाकी बरी. अर्धी झाली तरी हिंदकळायला अडीचशेच किलो उरतात. त्यातही एका मोठ्या टाकीऐवजी अडीचशेच्या दोन टाक्या घेतल्या आणि एक पूर्ण संपवून मगच दुसरी उघडली, तर हा आजार जवळजवळ मुळातून जातो. हे मी ज्याला सांगतो तो म्हणतो, "दोन टाक्या? दिसायला कसं दिसल?"

दिसण्यावरून आठवलं. हे खूळ आपण आपल्या मनाने काढलेलं नाही, आपण ते रस्त्यावर पाहूनच मोठे झालो. उन्हाळ्यात गावोगावी ट्रॅक्टरामागे धावणारे पाच-पाच हजार लिटरचे पाण्याचे टँकर बघा. पाच टन पाणी, खालचा सांगाडा वेगळा, आणि बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. सगळं वजन थांबवायचं ते ट्रॅक्टराच्या चाकांनी. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, झाकणातून पाणी रस्त्याला शिंपडत जातं, आणि चालवणारा कधीकधी परवाना मिळायच्या वयाचा नसतो. त्याला कोणी हात करत नाही, कारण तो पाणी देतो. पाणी नेणाऱ्या गाडीला सगळं माफ, हे आपल्या डोक्यात तिथून शिरलं आहे.

बरं, एवढं पाणी लागतं तरी कशाला? लांब पोलाच्या टोकाला ब्रश आणि त्यातून शुद्ध पाणी सोडून काच धुवायची ही पद्धत इंग्लंडात फोफावली. 2005 साली तिथे उंचीवरच्या कामाचे नियम कडक झाले आणि शिडीवर चढण्यापेक्षा जमिनीवर उभं राहून धुणं लोकांना परवडू लागलं. त्या ब्रशातून मिनिटाला दीड-दोन लिटर पाणी जातं. दिवसभरात ब्रश प्रत्यक्ष काचेला किती वेळ लागलेला असतो? चार तास झाले तर पुष्कळ. बाकीचा वेळ पाइप गुंडाळण्यात, गेट उघडायची वाट बघण्यात, कुत्रं बांधायला सांगण्यात आणि गिऱ्हाइकाने "वरची पण एक घ्या ना" म्हटलं की नाही म्हणण्यात जातो. चार तासांची 240 मिनिटं, दीडने 360 लिटर, दोनने 480. सोलरचं पाहा: तीन किलोवॅटच्या घरावर साडेपाचशे वॅटचे पाच-सहा पॅनल असतात. पॅनलला तीन-चार लिटर धरले तर घराला वीस-बावीस लिटर. दिवसाला आठ-दहा घरं उरकली तरी पाचशेची टाकी संध्याकाळी तळाला पाणी राखून परत येते.

आणि नागपूरच्या उन्हाळ्यात संध्याकाळची गोष्टच सोडा. इथला पारा 47 च्या पुढे गेलेला सगळ्यांना माहीत आहे. अकरा वाजता पॅनलवर हात ठेवून बघा आणि मग तापलेल्या काचेवर गार पाणी ओतायची हिंमत करा. काच तडकायची भीती आहेच, पण न तडकताही पाणी पुसायच्या आधी उडून जातं आणि मागे पांढरे ठिपके ठेवतं. म्हणजे मे महिन्यात काम उजाडताच सुरू करून दहाच्या आत संपवायचं. धंद्याची मर्यादा घड्याळ ठरवतं. हजार लिटर घेऊन निघालेला माणूस दहा वाजता सहाशे लिटर कोमट पाणी घेऊन घरी येतो, आणि ते सहाशे किलो त्याने सकाळपासून गोधनी-बोखाऱ्याच्या प्रत्येक ब्रेकरवरून उगाच हिंडवलेले असतात. डिझेल फुकट मिळत असावं त्याला.

पाण्याच्या जातीविषयी तर बोलायलाच नको, पण बोलावं लागेल. काच धुणारं पाणी आणि तोंड धुणारं पाणी एक नव्हे. भारतीय मानक पिण्याच्या पाण्यात लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले क्षार (टीडीएस) चांगले मानतं, आणि दुसरी सोय नसेल तर 2,000 पर्यंत चालवून घेतं. पोटाला ते चालतं. काचेला नाही चालत. 500 टीडीएसचं एक लिटर पाणी काचेवर वाळलं की अर्धा ग्रॅम पांढरं पीठ मागे ठेवून जातं. बोअरच्या पाण्याने धुतलेली खिडकी उन्हात वाळली की धुण्याआधी बरी होती असं वाटतं, आणि गिऱ्हाईक बोलतो आपल्याला, बोअरला नाही. म्हणून आरओ लागतो, वर रेझिनची नळी लागते. आता हजार लिटरवाल्याने इथेही बेरीज करावी. साध्या आरओत जेवढं शुद्ध पाणी निघतं, साधारण तेवढंच किंवा त्याहून जास्त पाणी नालीत जातं. रोज हजार लिटरची टाकी भरायची तर हजार लिटर नालीला वाहायचं. तासाला अडीचशे लिटर काढणारं यंत्र असेल तर पाचशेची टाकी दोन तासांत भरते, हजारला चार तास, तेही लाइट राहिली तर. होय, लाइट राहिली तर. कोराडीत, वीज केंद्राच्या चिमण्यांच्या सावलीत राहूनही आम्हाला हे वाक्य म्हणावं लागतं.

आता या सगळ्यावर हजार लिटरवाल्यांचं एक उत्तर आहे, आणि ते ऐकायला खरं वाटतं. ते म्हणतात, धरमपेठेत तुझं पाचशे चालेल, इथे राखड आहे. राखडीला पाणी जास्तच लागते.

लागतं, कबूल. राखड म्हणजे कोळशाची राख, बहुतेक काचेसारख्या बारीक कणांचा चुरा. कोरड्या फडक्याने पुसली तर काचेवर ओरखडे उठतात, म्हणून आधी हलक्या धारेने वाहवून द्यायची, मगच ब्रश लावायचा. दोन हात होतात, पाणीही दुप्पट धरा. पण पाणी दुप्पट लागलं म्हणून टाकी दुप्पट होत नाही, घरं निम्मी होतात. राखडीचा स्वभाव असा की आज धुतलेलं पॅनल पुढच्या आठवड्यात पुन्हा राखाडी. म्हणजे इथे काम एका दमात संपणारं नाहीच, परत परत यावं लागतं. जिथे दर आठवड्याला यायचं तिथे हजार लिटरचं शौर्य कोणाला दाखवायचं? पण हे ऐकून घेण्याऐवजी या रस्त्यावर प्रत्येक जण टाकी वाढवत चालला आहे. राखड वाढली की टाकी वाढव. खिडकीवर थर वाढला की धार वाढव. ही राखड येते कुठून आणि ती थांबवायचं काम कोणाचं, असं विचारण्यापेक्षा शंभर लिटर जादा घेणं सोपं जातं. इथल्या माणसाच्या सहनशक्तीचं माप आता लिटरमध्ये करायला हरकत नाही.

येते कुठून हे सांगायला शेरलॉक लागत नाही. कोराडीच्या वीज केंद्राचा पहिला संच 1974 साली सुरू झाला. आता बहुतेक जुन्यांच्या जागी 660 मेगावॅटचे तीन मोठे संच आहेत, 2015 ते 2017 या काळात सुरू झालेले. शेजारी खापरखेडा, 1,340 मेगावॅट. आपल्या कोळशात शंभर किलोमागे तीस-चाळीस किलो राखच असते. एक युनिट वीज काढायला साधारण सहा-सातशे ग्रॅम कोळसा लागतो. कोराडीचे तीन संच पूर्ण भाराने चालले तर दिवसाला तीस हजार टनांच्या आसपास कोळसा आणि दहा हजार टनांच्या आसपास राख, हा गुणाकार कोणीही करू शकतो. धुराड्यातली राख पकडायला यंत्रं आहेत, आणि ती शंभरातले नव्व्याण्णवाहून जास्त भाग पकडतात, हे मला मान्य आहे. पण दहा हजार टनांतला हजारावा भाग निसटला तरी दिवसाला दहा टन होतात. माझ्या टाकीत अर्धा टन पाणी असतं. लढत बरोबरीची नाही.

आणि खिडकीवरची सगळी राखड धुराड्यातूनच येते असंही नाही. उन्हाळ्यात राखेचे बंधारे वाळतात आणि वारा सुटला की सुरादेवीपासून खैरीपर्यंत धोतरं-साड्या दोरीवरून काढायची घाई होते. ताडपत्री न बांधलेले हायवा रस्त्याने राखड सांडत जातात. पावसाळ्यात आणखी वेगळी तऱ्हा: जुलै 2022 मध्ये खसाळ्याचा बंधारा फुटला आणि राखेचा चिखल कोलार नदीतून कन्हानपर्यंत गेला. ती कन्हान, जिचं पाणी नागपूरकर पितात. त्याच्या आधी सहाच महिने, 31 डिसेंबर 2021 ला, केंद्र सरकारने अधिसूचना काढली होती की वीज केंद्रांनी सगळी राख वापरात आणायची, आणि न वापरलेल्या राखेमागे टनाला हजार रुपये भरपाई भरायची. टनाला हजार. माझ्या गिऱ्हाइकाकडे तीन किलोवॅटचे पॅनल महिनाभर धुऊन ठेवायला त्याच्या खिशातून काय जातं ते त्याला विचारा, आणि मग ठरवा की राख कोणाला स्वस्त पडते.

पाण्याचंही तसंच. 2015 च्या केंद्रीय निकषांप्रमाणे अशा वीज केंद्राने मेगावॅट-तासाला जास्तीत जास्त साडेतीन घनमीटर पाणी वापरायचं. तीन संच पूर्ण भाराने चालले तर या मर्यादेत राहूनही सेकंदाला एकोणीसशे लिटर होतात. माझी पाचशेची टाकी म्हणजे त्यांची पाव सेकंदाची तहान. बरं, एक शहाणपण इथे झालेलं आहे आणि ते नाकारण्यात मला रस नाही: भांडेवाडीला रोज 130 दशलक्ष लिटरचं शुद्धीकरण केंद्र उभारून नागपूरचं शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीला आणलं गेलं. पेंचचं गोडं पाणी तेवढं वाचलं. वाचलेल्या त्या गोड्या पाण्याने आम्ही आता त्यांच्याच केंद्राची राखड काचांवरून उतरवतो.

यातला सगळ्यात कडू विनोद छतांवर आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, तीन किलोवॅटला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान, आणि छतावरच्या सोलरमध्ये नागपूर जिल्हा राज्यात आघाडीवर. फार चांगलं. पण कोराडी-महादुल्यातल्या छतावर चढून बघा. सूर्याची वीज घ्यायला बसवलेल्या काचेवर कोळशाच्या विजेची राखड बसलेली, आणि ती धुवायला माझ्यासारखा माणूस डिझेल जाळत पाणी घेऊन येतो. माझं पोट यावरच चालतं, हे खरं. राखड थांबली तर माझे फेरे कमी होतील. होऊ देत. धुळीवर जगता येतं, धूळ नागपुरात कधी संपायची नाही.

इथे आणखी 660 मेगावॅटचे दोन संच प्रस्तावित झाले, आणि मे 2023 मध्ये त्यांची जनसुनावणी झाली. लोकांनी विरोध केला, बाजूने बोलणारेही बोलले. या धंद्यातल्या एका होतकरू पोराने मात्र त्यातून वेगळाच अर्थ काढला. तो मला म्हणाला, "भाऊ, दोन संच अजून आले तं टाकी दीड हजारची लागल ना? मग गाडीच मोठी घेऊन टाकतो."

मी त्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाचा पत्ता लिहून दिला: उद्योग भवन, सिव्हिल लाइन्स.

त्याने कागद उलटसुलट करून पाहिला. "किती माळ्याची बिल्डिंग आहे? काचा किती असतीन?"